जपानला रोख येन न्यायचे की नाही?

मुक्ता_ठाणे: "जपानला रोख नेणं हा जुनाटपणा, एक कार्ड बास," असं काल कुणी इथे ठोकून दिलंय. त्यावर विसंबून कुणी आईवडिलांना घेऊन जाऊ नये, म्हणून लिहितेय. क्योतोत स्टेशनमागच्या गल्लीत रामेनचं छोटं दुकान. दारातच तिकिटाचं मशीन. कार्डाची सोयच नाही आणि नोट घेणार फक्त हजाराची. माझ्याकडे कार्ड आणि दहा हजाराची एक नोट. मागे रांग, आईची साखर उतरलेली, हात थरथरतायत. शेवटी मागच्या बाईंनी पाकिटातून दहा नोटा मोजून दिल्या. स्टेशनवरच्या मशीनवर सुईका (रेल्वे-बसचं प्रीपेड कार्ड) भरायलाही रोखच लागली.

डोंबिवलीकर: ताई, एका दुकानावरून अख्खा देश ठरवू नका. टोकियो-ओसाका नऊ दिवस, माझं कुठेच अडलं नाही. बँकॉकला सासऱ्यांचं पाकीट मारलं. रोख गेली ती गेलीच, कार्ड मी ॲपवरून तिथल्या तिथे बंद केलं.

अनघा: बिल आल्यावर बघितलंत का? माझी बँक परदेशी खर्चावर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे जादा शुल्क लावते, वर त्यावर १८ टक्के जीएसटी. लाखाला ४,१३० रुपये. त्यात दुकानातलं कार्डाचं मशीन विचारतं, पैसे रुपयांत कापू की येनमध्ये?

डोंबिवलीकर: रुपयेच दाबावेत. किती गेले ते तिथेच कळतं.

अनघा: अहो, तिथेच तर फसतो आपण! येनचे रुपये करायचा दर त्या मशीनवाल्याचा लागतो. हॉटेलात १८,००० येनचं बिल होतं, काउंटरवरच्या मुलीने न विचारता रुपये दाबले. मी रद्द करायला लावून पुन्हा येनमध्ये करून घेतलं. नवरा म्हणाला, चारशे रुपयांसाठी कशाला तमाशा? माझ्या कष्टाचे आहेत ते चारशे.

डोंबिवलीकर: मग विमानतळावर नोटा घेताना दरात किती कापतात तेही लिहा की! तिथे बरा आवाज बंद होतो.

अनघा: आवाज कुणाचा बंद होतो ते सोडा. विमानतळावरून घ्या असं मी कुठे म्हटलं, दाखवा.

निवृत्त_कॅशियर: भांडू नका. तिथल्या सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएममधून येन काढा. पण निघण्याआधी कार्डावर परदेशी व्यवहार चालू करा. २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमापासून नव्या कार्डावर ते बंदच असतात. माझा मुलगा हे विसरला. तिकडे रोमिंग नाही, त्यामुळे ओटीपी नाही. दोन दिवस मित्राच्या पैशावर काढले त्याने.

मुक्ता_ठाणे: बघा! कार्ड असूनही हात रिकामेच.

डोंबिवलीकर: बरं, दहा हजार येन ठेवेन जवळ. त्यावर एक येन नाही.

मुक्ता_ठाणे: ठेवा. फक्त हजाराच्या नोटांत ठेवा.