मामाच्या ट्रंकेतली बेसबॉल कार्डं, खरंच एवढ्याला जातात काय ओ?

शहापूरचा_संद्या:
नमस्कार मंडळी, विषय जरा वेगळा आहे पण इथं जुन्या वस्तू जमवणारे बरेच आहेत म्हणून विचारतो. आमचे मामा न्यू जर्सीला होते वीस-बावीस वर्षं, आता टिळकवाडीत असतात. परवा रंगाचं काम काढलं म्हणून माळ्यावरची ट्रंक खाली घेतली तर आत दोन बुटांचे खोके भरून बेसबॉलची कार्डं, खेळाडूंचे फोटो छापलेली, हजार-बाराशे तरी असतील. मामेभावाची लहानपणची. त्याला फोन केला तर म्हणतो टाकून द्या. मी उगीच मोबाईलवर बघितलं तर एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलंय!! मिकी मँटल नावाचा खेळाडू, टॉप्स कंपनीचं १९५२ चं. आणि आता ऐका, खोक्यात तसंच कार्ड आहे, निळं आभाळ, खांद्यावर पिवळी बॅट, खाली सही. बाकी बरीचशी १९८७ ची आहेत. रात्री झोप नाही बघा. मामींना अजून काही बोललो नाही. बेळगावात हे बघून सांगणारं कोण आहे काय?

खडेबाजार_बॉय:
त्यावेळच्या रेटनं शंभर कोटी होतात की रे लेका. आधी सगळ्यांना कुंदा वाट, कार्डाचं मग बघू.

नाणेवाला_खानापूर:
संदीपराव, मी नाण्यातला माणूस, पण ह्या कार्डांचा नाद मधे दोन वर्षं लागला होता. बेळगावात कोण सापडायचं नाही. तेव्हा मीच जमेल तेवढं सांगतो.

ते कार्ड एवढ्याला का गेलं? मँटलचं ते पहिलं कार्डसुद्धा नव्हे, पहिलं १९५१ चं, बोमन कंपनीचं. पण १९५२ ची शेवटची सिरीज सीझन संपत आल्यावर दुकानात आली, पोरांचं लक्ष तोवर दुसरीकडं, माल पडून राहिला. टॉप्सचे साय बर्जर स्वतः सांगायचे की १९६० मध्ये उरलेले खोके बोटीतून नेऊन समुद्रात बुडवले. पोरांच्या हातात जी होती ती सायकलच्या चाकात अडकवून झाली नाहीतर आईनं रद्दीत घातली. म्हणजे राहिलीच थोडी, त्यातही कोपरे शाबूत असलेली बोटावर मोजण्याइतकी. हे १ कोटी २६ लाखवालं त्यातलं, दहापैकी साडेनऊ ग्रेडचं, म्हणजे हालत बघून मार्क देतात ते. १९९१ साली ते ५० हजार डॉलरला विकलं गेलं होतं आणि तेव्हा पण लोक म्हणाले असतील हा खुळा आहे.

मधे भाव आणखी का चढले, तर लॉकडाऊन. लोक घरी बसली, हातात पैसा होता, माळे साफ झाले, सगळे एकदम कार्डं ग्रेडिंगला पाठवायला लागले. पीएसए म्हणून ग्रेडिंगची कंपनी आहे, त्यांच्याकडं एवढे ढीग साचले की मार्च २०२१ मध्ये बहुतेक कामं घ्यायचीच बंद केली. नंतर नव्या खेळाडूंच्या कार्डांचे भाव दणकन आपटले, पण जुनी, चांगल्या हालतीतली टिकून राहिली. लिलावात ज्या बोलीवर हातोडा पडतो त्यावर खरेदी करणारा आणखी कमिशन भरतो, साधारण वीस टक्के, बातमीतला आकडा ते धरूनच असतो. म्हणजे विकणाऱ्याच्या खिशात तेवढे पडत नाहीत.

तुमची १९८७ ची जी आहेत, किनारीला लाकडाच्या फळीसारखं डिझाईन आहे ना? मग ती विसरा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी 'पुढं लाखात जाणार' म्हणून सगळ्यांनीच जपून ठेवली, कंपन्यांनी पण छापून छापून ढीग पाडला, आणि आता प्रत्येकाच्या माळ्यावर तीच. तिकडं त्याला कचरा काळ म्हणतात. अप्पर डेक कंपनीच्या १९८९ च्या सेटमधलं, क्रमांक १ छापलेलं केन ग्रिफी ज्युनिअर आहे काय बघा, त्याला थोडंफार गिऱ्हाईक असतं, तेही एकदम कोरं असलं तर.

आणि मँटल पट्टीनं मोजा. आधी मोजा, मग झोपा.

निपाणीची_सुषमा:
वाचून गंमत वाटली म्हणून लिहिते. ही कार्डं मुळात तंबाखूवाल्यांनीच काढली ना हो? सिगारेटचं पाकीट मऊ, ते वाकू नये म्हणून आत पुठ्ठा, आणि पुठ्ठा कोरा कशाला ठेवायचा म्हणून त्यावर खेळाडू. होनस वॅग्नरचं जे सगळ्यात नावाजलेलं कार्ड आहे ते १९०९ च्या सुमाराचं, अमेरिकन टोबॅको कंपनीचं. त्यानं छापू नका म्हणून सांगितलं. कोण म्हणतं पोरांनी आपल्यापायी तंबाखू घेऊ नये म्हणून, कोण म्हणतं पैसे दिले नाहीत म्हणून. साठच्या आसपास राहिलीत, २०२२ मध्ये एक साडेबाहत्तर लाख डॉलरला गेलं. माझी आजी आयुष्यभर विड्या वळत होती. बंडलावरच्या रंगीत लेबलांचा आम्ही पोरी बाहुल्यांच्या घरात गालिचा करायचो. एक पण राहिलं नाही बघा. असलं असतं तरी कोण घेणार म्हणा.

कॅम्पातला_वकील:
मला हा सगळा प्रकार सट्टाच वाटतो. पुठ्ठ्याला काय किंमत असते? उद्या दोन गिऱ्हाइकं कमी झाली की संपलं. आणि त्या वॅग्नरमधलंच सगळ्यात गाजलेलं जे कार्ड, १९९१ मध्ये हॉकीवाला वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या पार्टनरनं ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलेलं, त्याच्या कडा कापलेल्या होत्या. ते त्याच्या आधी विकलेल्या बिल मास्ट्रोनं २०१३ साली कोर्टात कबूल केलं. कडा सरळ दिसाव्यात म्हणून कापलं आणि ग्रेड चांगली मिळाली! एवढी डब्यात सील करून नंबर देतात आणि हे.

नाणेवाला_खानापूर:
वकीलसाहेब बरोबर, पण गंमत अशी की ते कापलंय हे कळल्यावर पण त्याची किंमत पडली नाही असंच सगळे धरून चाललेत. नाण्यात कुणी असं घासून आणलं तर आम्ही दारात उभं करत नाही. मलाही हे कोडं सुटलेलं नाही. सट्टा आहे हे मान्य, पण मग आपल्याकडं गावठाणातल्या गुंठ्याचा भाव काय हिशोबानं ठरतो ते पण सांगा.

खडेबाजार_बॉय:
आमच्याकडं बिग फनचे फोटो होते की, बबलगममधले, मागं रन नाहीतर विकेट लिहिलेलं. गणपत गल्लीतल्या दुकानात दहा-दहा गम एकदम फोडून कपिल शोधायचो. गम कुत्र्याला. ८७ च्या वर्ल्डकपला माझ्याकडं डबाभर होते, वहिनीनं दिवाळीच्या सफाईत चुलीत घातले. तेच आता कोटीचे म्हणा.

शहापूरचा_संद्या:
मोजलं. अडीच इंच बाय साडेतीन इंच. खरं किती असतं?

नाणेवाला_खानापूर:
खरं जरा मोठं, २ पूर्णांक ५ अष्टमांश बाय पावणेचार. टॉप्सनंच १९८३ मध्ये तो जवळजवळ अख्खा सेट परत छापला होता, लहान मापात. मागं बारीक अक्षरात 'रीप्रिंट' लिहिलंय काय बघा भिंगानं.

शहापूरचा_संद्या:
लिहिलंय.

खडेबाजार_बॉय:
कुंदा कॅन्सल.

शहापूरचा_संद्या:
ग्रिफी पण बघितला, आहे, पण पावसाळ्याची ओल लागून कोपरा फुगलाय आणि मागं बुरशीचा ठिपका. मामा बाजूलाच बसले होते, त्यांना सगळं सांगितलं शेवटी. ते म्हणाले दर शनिवारी पोराला घेऊन दुकानात जायचो, एक पाकीट, आत गुलाबी गमची कडक पट्टी, ती मी खायचो. खोके परत बांधले. फक्त मँटल त्यांनी स्वतःच्या पाकिटात ठेवलंय, कशाला विचारलं तर बोलले नाहीत. सुषमाताई, ते लेबल कुठल्या कारखान्याचं होतं आठवतंय काय? आमच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून काहीतरी रंगीत चिकटवलंय, बंडलाचंच वाटतंय, फोटो टाकतो उद्या.