पाणी आलं की आमचा कॉम्प्युटर जायचा (अनुभव धागा)

गॅलरीतली_सुमा

काल लेकीच्या टेबलाखालून एकच 'टीट' ऐकू आलं आणि ती किंचाळली, "आई, हा परत आपोआप रीस्टार्ट झाला!" तिच्या मामाने येऊन झाकण उघडलं, पंख्यात बोटभर धूळ निघाली, विषय संपला. पण ते 'टीट' ऐकून मी थेट गिरगावच्या चाळीत पोचले.

२००३ साल. बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला. लॅमिंग्टन रोडवर असेंबल करून, टॅक्सीतून, मॉनिटर माझ्या मांडीवर. खोली दहा बाय बाराची, त्यामुळे वर देव्हारा आणि खाली कॅबिनेट अशी सोय झाली. आईने दोघांना मिळून एकच उदबत्ती लावली.

पंधरा दिवस गुण्यागोविंदाने गेले. मग रोज संध्याकाळी हा आपला काम करता करता बंद पडून स्वतःच सुरू व्हायचा. असेंबलवाला दादा यायचा सकाळी. सकाळी मशीन शहाण्यासारखं वागायचं. तो चहा प्यायचा आणि म्हणायचा, "काकू, फॉरमॅट मारून टाकू." तीन वेळा मारला. तिसऱ्या वेळी माझं कॉलेजचं प्रोजेक्ट आणि ताईच्या साखरपुड्याचे फोटो गेले. मग रॅम बदलून झाली. संध्याकाळी परत टीट.

बाबांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आयुष्य गोदीत टॅली क्लार्क म्हणून गेलेलं, आला माल मांडून ठेवायची सवय. त्यांनी कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, पेन्सिलीने वेळा लिहायला सुरुवात केली. ७.०५. ७.०२. ७.१०. एक दिवस कोरा. बारा दिवसांनी भिंतीपुढे उभे राहून म्हणाले, "अगं, ही तर पाण्याची वेळ. आणि हा कोरा दिवस म्हणजे पाणी आलं नव्हतं तो."

सात वाजता नळाला पाणी यायचं आणि मजल्यावरच्या सगळ्या मोटरी एकदम घुंऽऽ करून सुरू व्हायच्या. ट्यूबलाइट डोळा मारायची, पण ती लहानपणापासून मारायची, त्याचं कोणाला काय? कॉम्प्युटरला मात्र तेवढा झटका पुरायचा.

यूपीएस घ्यायला पुढे दोन महिने लागले. तोवर आई मोरीतून ओरडायची "पाणी आलंऽऽ" आणि मी कंट्रोल एस दाबायचे.

तुमच्याकडे काय काय झालंय? कारण सापडलं नसेल तरी लिहा.

चिंचपोकळीकर

"फॉरमॅट मारू" म्हणजे त्या काळातली क्रोसिन. काहीही दुखू दे.

अर्धा_कटिंग

ब्लास्टर व्हायरस कोणी नाही काढला अजून? ऑगस्ट २००३. दादरला ज्या सायबर कॅफेत मी पडीक असायचो तिथे आठ मशीन्स. एका दुपारी पहिल्यावर खिडकी आली, ६० सेकंदांत सिस्टिम बंद होणार, काम सेव्ह करा. आकडे उलटे चालू. ५९, ५८... मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. एक काकू लेकाला अमेरिकेत मेल टाकत होत्या, त्यांना वाटलं तासाचे पैसे संपले, पर्स काढून उभ्या.
मालकाने आधी वायरमनला बोलावलं, मग गुरुजींना विचारू म्हणाला. गंमत नाही करत.
शेवटी रुपारेलचा एक पोरगा आला. रन उघडून टाईप केलं, शटडाउन, स्पेस, वजा ए. उलटी गिनती थांबली. त्या पोराला महिनाभर फुकट नेट. (तो पोरगा मी नव्हे, दुर्दैवाने)

सोल्डरबाबा

अर्धा_कटिंग, बरोबर. तो किडा मेल उघडायचीही वाट बघत नसे, विंडोज एक्सपी किंवा विंडोज २००० वालं मशीन नुसतं नेटवर आलं की घुसायचा. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती जुलैतच दिली होती, पण डायलअपवर ती उतरवणार कोण. बरेचदा उतरवता उतरवताच साठ सेकंद सुरू व्हायचे.

सुमाताई, तुमच्या बाबांना साष्टांग नमस्कार. मी वीस वर्षं हेच काम करतो, निम्मं निदान वेळ लिहून ठेवण्यात असतं. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा तो वायरींचा डबा. घरातली वीज क्षणभर खचली तर तो पोटातल्या साठ्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरू शकला पाहिजे. म्हणजे आपल्या विजेचं पुरतं एक आवर्तनही नाही. स्वस्तातला डबा तेवढाही धरत नाही, मदरबोर्डला वाटतं वीज गेली, आणि टीट.

मालाडची_मामी

आमच्याकडे दसरा!! सासूबाईंनी कॉम्प्युटरची यथासांग पूजा केली हळद कुंकू अक्षता झेंडू सगळं. अक्षता वरच्या जाळीतून आत. दुसऱ्या दिवसापासून खर्रर्र खर्रर्र आणि अर्ध्या तासाने रीस्टार्ट. प्रोसेसरच्या पंख्यात तांदूळ अडकलेले. मेकॅनिक म्हणाला मावशी पुलाव करताय का 😂
शिवाय मी स्वतः विणलेलं क्रोशाचं कव्हर होतं ते चालू असताना पण घालून ठेवायचो, धूळ नको म्हणून. आता कळतंय

चिंचपोकळीकर

मामी, कव्हर मॉनिटरचं वेगळं, कीबोर्डचं वेगळं, सीपीयूचं वेगळं असा सेट होता का? आमच्याकडे होता. निळी झालर.

मालाडची_मामी

हो आणि माऊसला पण टोपी 🙈

रात्रपाळी

विषयाला धरून एक मदत हवी होती. मुलाचा पीसी गेम खेळताना रीस्टार्ट होतो. नेट, यूट्यूब, अभ्यास, काही होत नाही. फक्त गेम. मी त्याला म्हटलं देवाचीच इच्छा दिसते. ठाण्यात राहतो. विंडोजच्या नोंदवहीत (इव्हेंट व्ह्यूअर) कर्नल पॉवर ४१ दिसतंय, हेच कारण ना?

सोल्डरबाबा

४१ हे कारण नाही हो, तो नुसता पंचनामा. "यंत्र रीतसर बंद न होता बंद झालं" एवढंच तो सांगतो. कोणी मारलं ते नाही.
आधी एक करा. सिस्टिम प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी, तिथे ऑटोमॅटिकली रीस्टार्ट समोरची खूण काढा. आता निळा स्क्रीन येऊन थांबला तर ड्रायव्हर, रॅम वगैरे, त्यावरचा कोड लिहून घ्या. निळा न येता थेट काळा होऊन सुरू झाला तर वीज नाहीतर उष्णता. आणि रॅम एकदा काढून पुसून बसवा.

एसी_डबल_फास्ट

आधी राम बाहेर काढा, सोनेरी कडेला खोडरबर घासा, परत बसवा. ८० टक्के केसेस यातच

चिंचपोकळीकर

राम बाहेर काढला तर त्या कॉम्प्युटरमध्ये उरलं काय?

एसी_डबल_फास्ट

रॅम रॅम. फोनने केलं. लोकलमध्ये उभा राहून लिहितोय, एक हात वरच्या कडीला

कोरडी_छत्री

खोडरबरवरून आठवलं. आमच्या ऑफिसात (फोर्ट, जुनी इमारत, उंच छत) एक मशीन फक्त पावसाळ्यात रीस्टार्ट व्हायचं. जूनमध्ये सुरू, नवरात्रात बरं. लोक म्हणायचे त्याला सांधेदुखी आहे. मदरबोर्ड बदलायचं कोटेशन पण आलं होतं. आमच्या शिपाईमामांनी पुढचं रीसेट बटण स्क्रूड्रायव्हरने टोचून बघितलं तर ते आतल्या आत चिकटलेलं, गंज. दमट हवेत जरा धक्का लागला की टेकायचं. बटणापासून मदरबोर्डपर्यंत जाणारी ती दोन पिनांची बारकी वायर उपटून टाकली. खर्च शून्य. मशीन नंतर पाच वर्षं चाललं, बिनारीसेटचं.

कलिना_तळमजला

२६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला त्या दिवशी आम्ही कलिनात तळमजल्याला. भावाने कॅबिनेट पलंगावर ठेवला, मॉनिटर कपाटावर. रात्री पाणी पलंगावरून गेलं. कॅबिनेटच्या तळाला चार बोटं लागलं असेल.

पंधरा दिवस वाळवला. गादी टाकून दिली, पुस्तकं टाकून दिली, तो ठेवला. चालू झाला!! पण दर दहा मिनिटांनी रीस्टार्ट. आम्ही त्या दहा मिनिटांच्या हप्त्यांत आजीचे फोटो सीडीवर घ्यायचा प्रयत्न करत होतो. सीडी पूर्ण व्हायच्या आत टीट. सहा सीड्या वाया.
शेवटी एकाने सांगितलं, चालायला लागतं तेवढंच ठेवून बाकी सगळं काढ, मग एकेक लाव. सगळ्यात खालचं मोडेम कार्ड काढलं आणि थांबलंच. त्याच्या पट्टीवर गाळ वाळून बसला होता. आजीचे ४१ फोटो निघाले. आजी मार्चमध्येच गेली होती.

गॅलरीतली_सुमा

कलिना, काटा आला. फोटो आहेत ना अजून?

कलिना_तळमजला

आहेत. चार ठिकाणी आहेत आता. 🙂

मालाडची_मामी

२६ जुलैला मी अंधेरी ते मालाड चालत आले होते ट्रॅकवरून. वेगळा धागा काढा कोणीतरी

रात्रपाळी

सोल्डरबाबा, खूण काढली. रॅम पुसली. निळा येत नाही, थेट काळा. तापमान गेममध्ये ७० च्या आसपास. आता?

सोल्डरबाबा

७० म्हणजे ठीक आहे, ताप नाही. आता डब्यावरचं लेबल वाचा. वर मोठ्या अक्षरात कितीही वॅट लिहू देत, १२ व्होल्टच्या खाली अँपियर किती ते सांगा. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर त्याच लाइनीवर जेवतात. आणि डबा हातात धरून बघा, वजनाला पिठाच्या रिकाम्या डब्यासारखा लागतो का.
फक्त डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर चांगलाच शॉक देतात.

अर्धा_कटिंग

कपॅसिटर म्हटलं की फुगलेले कपॅसिटर. २००४-०५ च्या सुमाराला आमच्या ओळखीतले निम्मे मदरबोर्ड त्याने गेले. माथ्यावर सपाट असायला हवेत ते टम्म, काहींतून तपकिरी चीक आलेला. लॅमिंग्टन रोडला जिन्याखाली बसणारे एक चाचा दीडशे रुपयांत सहा बदलून द्यायचे. त्यांना विचारलं गॅरंटी काय, तर म्हणाले "ग्रँट रोड स्टेशनपर्यंतची."

कोरडी_छत्री

😂 त्या जिन्याशेजारी उसाच्या रसवाला होता का?

अर्धा_कटिंग

होता होता. आलं लिंबू मारून. भर उन्हात मदरबोर्ड बगलेत आणि हातात ग्लास.

घरून_काम

माझा किस्सा उलटा. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळचे दहा. क्लायंटशी मीटिंग, पीसी खटकन बंद. आदल्या आठवड्यात तो दोनदा रीस्टार्ट झाला होता त्यामुळे मला खात्री, एसएमपीएस गेला. स्क्रूड्रायव्हर आणला, झाकण काढलं, टॉर्च लावून वीस मिनिटं आत डोकं. बायको दारात उभी. म्हणते, "अख्ख्या मुंबईची लाइट गेलीय, लोकल बंद आहेत, तुझं काय चाललंय?"
पंखा बंद होता तेही मला कळलं नव्हतं. झाकणाचा एक स्क्रू त्या दिवशी हरवला तो अजून सापडलेला नाही.

एसी_डबल_फास्ट

मी त्या दिवशी माटुंगा आणि शीवच्या मध्ये गाडीत. कोविडमुळे अत्यावश्यक सेवेतल्या स्टाफवाल्यांनाच परवानगी होती तेव्हा प्रवासाची. उतरून चालत.
आता कुर्ला आलं, गर्दी, नंतर लिहितो

रात्रपाळी

लेबल वाचलं. वर मोठ्ठं ४५० वॅट. १२ व्होल्टसमोर १८ अँपियर. आणि हो, वजनाला खरंच काही नाही, मुलगा एका बोटावर फिरवत होता.

सोल्डरबाबा

१२ गुणिले १८, २१६ वॅट. म्हणजे ४५० मधले निम्म्याहून जास्त कागदावर. गेम सुरू झाला की ग्राफिक्स कार्ड एकदम घास मागतं आणि डबा हात वर करतो. नवा चांगल्या कंपनीचा बसवा. शक्य असेल तर आधी कोणाचा तरी उसना लावून दोन तास गेम खेळवा, मग पैसे घाला. अंदाजाने सुटे भाग बदलत बसू नका.

रात्रपाळी

उसना लावून दोन तास गेम खेळवा, हे चिरंजीवांना वाचून दाखवलं. तो म्हणतो काकांना चार तास लिहायला सांगा.

चिंचपोकळीकर

सुमा, त्या असेंबलवाल्या दादाला सांगितलंत का पुढे, पाण्याचं?

गॅलरीतली_सुमा

बाबांनी कालनिर्णयचं पानच फाडून दाखवलं त्याला. त्याने नीट वाचलं, मान हलवली, चहा संपवला आणि म्हणाला, "काका, तरी एकदा फॉरमॅट मारून बघायचा का?"

मालाडची_मामी

😂😂 ते कव्हर सापडलं माळ्यावर! झालर उंदराने खाल्लीय पण टोपी शाबूत आहे. फोटो कसा टाकायचा इथे? लेक घरी नाहीये