तेलाच्या पिशवीतले १६० ग्रॅम

बी-५०१ : सर्वांना नमस्कार. एप्रिलचा किराणा भरताना काल एक गोष्ट लक्षात आली, ती आपल्या सोसायटीच्या गटावर मांडते. आम्ही नेहमी घेतो ती सोयाबीन तेलाची पिशवी १५५ रुपयांना होती आणि तिच्या शेजारीच दुसऱ्या कंपनीची, तेवढ्याच आकाराची पिशवी १३५ रुपयांना दिसली, म्हणून मी तिच्या तीन पिशव्या घेतल्या. घरी बरणीत ओतल्यावर तेल नेहमीच्या खुणेपर्यंत येईना, तेव्हा मागची बारीक अक्षरे वाचली. नेहमीची पिशवी एक लिटरची, म्हणजे ९१० ग्रॅमची आहे. ही ७५० ग्रॅमची निघाली. किलोवर हिशेब केला तर पहिली १७० रुपयांना आणि ही ‘स्वस्त’ पिशवी १८० रुपयांना पडते. तीन पिशव्यांत मी साठ रुपये वाचवल्याच्या आनंदात होते. प्रत्यक्षात बावीस रुपये जास्त देऊन आले.

ए-२०४ : वहिनी, यात तुमची चूक नाही, कारण या गोंधळाला नियमांनीच जागा करून दिली आहे. पूर्वी तेल, चहा, बिस्किटे, डाळी अशा ठरावीक वस्तू ठरलेल्या वजनाच्या पाकिटांतच विकाव्या लागत. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली, तीत ते वजनांचे परिशिष्ट काढून टाकले गेले आणि त्याऐवजी पाकिटावर एकक किंमत छापण्याचे बंधन आले. कल्पना चांगली आहे. परंतु एक किलोपेक्षा कमी मालावर ही किंमत ग्रॅममागे आणि एक किलोपेक्षा जास्त मालावर किलोमागे छापायची असते, तर नेमके एक किलो किंवा एक लिटर असेल तेथे छापील किंमत हीच एकक किंमत ठरते. त्यामुळे तुमच्या एका पिशवीवर लिटरला १५५ रुपये आणि दुसरीवर ग्रॅमला ०.१८ रुपये असा मजकूर असणार. उभ्या उभ्या या दोहोंची तुलना कोण करू शकेल? शिवाय ०.१७ आणि ०.१८ यांत एक पैशाचाच फरक दिसतो, पण किलोमागे तो दहा रुपयांचा असतो. म्हणून मी दुकानात मोबाइलवर किमतीला ग्रॅमने भागून हजाराने गुणतो. लिटरमध्ये लिहिलेले तेल असेल तर एक लिटर म्हणजे ९१० ग्रॅम धरतो.

सी-१०३ : ए-२०४ यांनी ९१० चा आकडा दिला आहे, त्याला एक पुरवणी जोडतो. तेल तापले की फुगते, त्यामुळे एकाच लिटरचे वजन तापमानाप्रमाणे बदलते. सोयाबीन तेलाचा एक लिटर २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरतो आणि ६० अंशांना ८९२ ग्रॅम. काही कंपन्या लिटरच्या शेजारी ६० अंश असे लिहून मोकळ्या होत असत. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली कंपन्यांना सांगितले की, तापमान न लिहिता माप द्या आणि त्याबरोबर खरे वजनही छापा. तेव्हा आता पिशवीवर वजन असतेच, ते पाहावे.

सातारा जिल्ह्यात तीस वर्षे किराणा दुकान चालवले असल्याने दुसऱ्या बाजूचेही थोडे सांगतो. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांची किंमत वाढवली तर गिऱ्हाईक लगेच ओरडते. वजन कमी केले तर सहसा कोणी ओरडत नाही. माझ्या देखत बिस्किटांच्या पुड्या वर्षानुवर्षे अशाच हलक्या होत गेल्या. मोठे पाकीट नेहमी स्वस्त असते हाही समजच आहे. शांपूच्या एक-दोन रुपयांच्या पुड्या बऱ्याचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात, हे खेड्यातल्या गिऱ्हाइकाला आपल्याआधी कळले होते.

बी-३०२ : सगळे पाकिटांचेच बोलत आहेत, म्हणून भाजीचा विषय काढते. आमच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला पाटीवर ‘३०’ एवढा मोठा आकडा लिहितो आणि ‘पाव’ हा शब्द बोटाच्या नखाएवढा. घेणारा तीस रुपये किलो समजून पिशवी पुढे करतो, आणि प्रत्यक्षात भाव एकशेवीस असतो. पाव किलोचा भाव सांगण्यात गैर काही नाही, आपणच चारने गुणायला हवे. मात्र काट्याकडे पाहणे आपण सोडून दिले आहे. माल ठेवण्याआधी काट्यावर शून्य दिसते का, आणि घमेले ठेवून शून्य केले आहे की घमेल्यासकट भाजी तोलली जाते आहे, एवढे पाहिले तरी बरेच मापातले पाप टळते. मागच्या दिवाळीत एका मिठाईच्या दुकानात पुठ्ठ्याच्या खोक्यासकट काजुकतली तोलत होते. काजुकतलीच्या भावाने पुठ्ठा विकत घेण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून मी खोके बाजूला काढून पुन्हा वजन करायला लावले.

ए-२०४ : काकू, आपण केले ते कायद्याला धरूनच होते. वजन निव्वळ मालाचेच धरायचे असते, खोक्याचे नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी होऊन त्यावर वैध मापन खात्याची मोहोर असावी लागते आणि प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावावे लागते. छापील किंमत सर्व करांसह असते, त्यामुळे थंड केल्याचे म्हणून पाण्याच्या बाटलीवर वरचे पाच रुपये मागणेही चालत नाही. अशी तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. बिल मात्र जपून ठेवावे.

ए-६०२ : काकू, मी भाजीवाल्याकडे जातच नाही, सगळे ॲपवरून मागवतो, त्यामुळे माझी फसगत अधिक सुखासीन आहे. ही चर्चा वाचून मार्च महिन्याची बिले उघडली. एकोणीस वेळा मागवलेल्या मालावर हाताळणी, छोटी खरेदी, पावसाळी अधिभार अशा नावांनी ४१२ रुपये गेले आहेत. (मार्चमध्ये पाऊस कोठे पडला होता, हे मला अद्याप आठवलेले नाही.) त्याहून मोठा खर्च बिलावर दिसत नाही. पंचवीस रुपयांचे घरपोच शुल्क टाळण्यासाठी मी कोथिंबीर आणि दुधाच्या जोडीला दर वेळी साठ-सत्तर रुपयांचे काहीतरी खारे-गोडे घेत होतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन विक्रीतील अशा फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि तेरा प्रकार नावानिशी सांगितले. न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणे, ‘दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई लावणे, शेवटच्या पानापर्यंत खरी किंमत न दाखवणे, हे सर्व त्यांत येते. पण सत्तर रुपयांचे खारे दाणे मी स्वतः बोट दाबून घेतले होते, त्याला कोणते प्राधिकरण काय करणार?

सी-१०३ : दुकानातही तीच युक्ती आहे, फक्त तिला मांडणी म्हणतात. ज्यात दुकानाला जास्त सुटते तो माल डोळ्यांच्या उंचीवर येतो, आणि साधा माल गुडघ्याखाली. वाकून पाहणाऱ्याचा फायदा होतो.

सचिव : चर्चा उपयुक्त चालली आहे. गव्हाचा हंगाम असल्याने बारा कुटुंबांनी मिळून मार्केट यार्डातील भुसार बाजारातून वर्षाचा गहू, तूरडाळ आणि तेल आणावे, अशी सूचना आली आहे. गव्हाचे ३० किलोचे बारा कट्टे, म्हणजे ३६० किलो होतात. कोपऱ्यावरच्या दुकानापेक्षा तेथे किलोला चार रुपये कमी आहेत. आपली मते कळवावीत.

बी-५०१ : टेम्पो आणि हमाली किती?

सचिव : दोन्ही मिळून ९०० रुपये.

बी-५०१ : म्हणजे किलोमागे अडीच रुपये तेथेच गेले. राहिला दीड रुपया, म्हणजे कट्ट्यामागे ४५ रुपये. तेवढ्यासाठी गहू पाचव्या मजल्यावर चढवणे, चाळणे, उन्हे देणे हे सगळे करायचे असेल, तर कोपऱ्यावरचे दुकानदार काय वाईट? ते कट्टा घरात आणून ठेवतात, सोंडे निघाले तर बदलून देतात आणि महिनाअखेरीस पैसे घेतात.

सी-१०३ : ताईंचा हिशेब बरोबर आहे. गव्हात फारसे सुटत नाही, डाळीत सुटते. तूरडाळ तेथे किलोला पंधरा रुपये कमी मिळत असेल, तर पाच-पाच किलो घ्यावी. तिच्यासाठी टेम्पोही लागत नाही, दोन गाड्यांच्या डिकीत साठ किलो सहज मावते. डाळ घेताना मूठभर हातावर चोळून पाहावी. फार चकचकीत दिसत असेल तर तिला पाण्याचे किंवा तेलाचे पॉलिश असते. सुटी डाळ पोत्यातून मोजून घेतली तर तिच्यावर वस्तू व सेवा कर नसतो. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बंद, लेबल लावलेल्या पाकिटांवर तो ५ टक्के लागतो. म्हणूनच काही ठिकाणी तांदळाचे २६ किलोचे कट्टे दिसू लागले होते. व्यापाऱ्याचे डोके कोठे कोठे चालते ते पाहा.

बी-३०२ : डाळीला एरंडेल तेल चोळायचे काम मी सांगते तसे करावे, आदल्या वर्षी काही घरांत डाळ नुसती चिकट झाली आणि पोरकिडे झाले ते वेगळेच.

सचिव : ठीक आहे. गहू रद्द करून तूरडाळ साठ किलो लिहिली आहे. तेलाचे डबे चार कुटुंबांना हवे आहेत. व्यापाऱ्याने सोयाबीन तेलाचा पंधराचा डबा २,४५० रुपये सांगितला आहे.

बी-५०१ : पंधरा किलोचा की पंधरा लिटरचा?

सचिव : त्यांनी नुसता पंधराचा म्हटले. विचारून सांगतो.

ए-२०४ : किलोचा असेल तर १६३ रुपये किलो पडेल आणि जरूर घ्यावा. लिटरचा असेल तर त्यात १३ किलो ६५० ग्रॅमच तेल येईल आणि भाव १८० च्या जवळ जाईल. बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात.

सचिव : आताच फोन केला. पंधरा लिटरचा आहे.

बी-५०१ : मग माझे नाव डब्याच्या यादीतून काढावे. मी १५५ ची पिशवीच घेते.