कुलगुरू की कुलपती?

घानाच्या नेत्या नाना जेन ओपोकू-आग्येमांग यांची ओळख एका मराठी मजकुरात 'केप कोस्ट विद्यापीठाच्या माजी कुलपती' अशी वाचली, दुसरीकडे 'माजी कुलगुरू'. दोन्ही चालतं का? शिवाय 'विद्यापीठातून त्यांनी राजकारणात उडी घेतली' हेही खटकलं.

— नाही चालत. महाराष्ट्रात राज्य विद्यापीठांचे कुलपती म्हणजे राज्यपाल. रोजचा कारभार हाकणारे, अधिसभेत बोलणी खाणारे आणि निकाल रखडले की ज्यांच्या दालनाबाहेर विद्यार्थी संघटना ठिय्या देतात, ते कुलगुरू. हिंदीत याच पदाला वर्षानुवर्षं 'कुलपति' म्हणत आले आणि त्याच्या वरच्याला 'कुलाधिपति'. (मध्य प्रदेश, राजस्थाननं अलीकडे हिंदीतही 'कुलगुरु' केलंय.) हिंदी बातमी समोर ठेवून मराठी केली की घोळ ठरलेला. घानातली रचना आपल्यासारखीच ब्रिटिश वळणाची. त्यामुळे २००८ ते २०१२ बाई केप कोस्टच्या कुलगुरूच. तिथल्या सरकारी विद्यापीठाच्या पहिल्या महिला कुलगुरू.

— गंमत म्हणजे त्या कुलपतीही झाल्या, पण २०१८मध्ये आणि झिम्बाब्वेत, 'विमेन्स युनिव्हर्सिटी इन आफ्रिका'च्या. म्हणजे शब्द बरोबर, विद्यापीठ चुकलं!

— 'उडी घेतली'बद्दल सहमत. त्यात स्वतःहून, धाडकन रिंगणात उतरणं आहे. यांना २०१३मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन महामांनी शिक्षणमंत्री केलं. घानात मंत्री व्हायला खासदार असावंच लागतं असं नाही. मतदारांपुढे त्या आल्या २०२०मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत महामांच्या जोडीनं, आणि हरल्या. २०२४ला जिंकल्या, ७ जानेवारी २०२५ला शपथ घेतली. याला 'राजकारणात आल्या' पुरे. आपल्या बातम्यांना साधं क्रियापद का पचत नाही कोण जाणे.

— मग आता त्या उपराष्ट्रपती?

— मी 'उपराष्ट्राध्यक्ष' लिहीन. राष्ट्रपती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालणारं पद येतं. घानात सरकार राष्ट्राध्यक्षच चालवतात, आणि उपराष्ट्राध्यक्ष त्यांच्याच जोडीनं निवडून येतात. आपल्या उपराष्ट्रपतींसारखं राज्यसभेचं सभापतिपद वगैरे तिथे नाही.

— वर्तमानपत्रांनी कमला हॅरिसना 'उपाध्यक्ष'च लिहिलं होतं की.

— लिहिलं होतं, पण नुसतं 'उपाध्यक्ष' वाचलं की मला पतसंस्था आठवते. आधी 'देशाच्या' लावणार असाल तर हरकत नाही.