प्रौढ वयातील डिस्लेक्सिया : मराठी शुद्धलेखनासाठी मदत हवी आहे

मला डिस्लेक्सिया (वाचन-लेखनात अडचण आणणारी अध्ययन अक्षमता) असल्याचे निदान नोकरीला लागल्यानंतर झाले. वाचन हळूहळू का होईना जमते. मात्र कार्यालयीन टिपणी लिहिताना वेलांट्या आणि उकार उलटसुलट पडतात, ‘सूर्य’मधला रफार भलत्याच अक्षरावर जातो आणि पुन्हा वाचूनही ती चूक नजरेस येत नाही. मोबाइलवर मजकूर ऐकून पाहतो, पण ऱ्हस्व-दीर्घाचा फरक कानाला क्वचितच कळतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (यात डिस्लेक्सियाही येतो) समावेश असूनही माझ्या पाहण्यातले बहुतेक वर्ग शाळकरी मुलांसाठीच आहेत, हे फार खटकते. प्रौढांना मराठी लेखन शिकवणारे विशेष शिक्षक पुणे परिसरात कोणाला माहीत आहेत का? संगणकावर मराठी शुद्धलेखन तपासण्याचे साधन कोणी रोज वापरत असल्यास कृपया अनुभवासह कळवावे.