हंगेरी: गोष्ट असलेलं गाव सुचवा (बुडापेस्टहून एका दिवसात)

भटकभवानी:
पुढच्या महिन्यात बुडापेस्टला जातोय. सोबत सासूबाई आणि नऊ वर्षांची लेक. एक दिवस खेड्यात घालवायचाय. लेकीला गोष्ट हवी, सासूबाईंना जुनं काहीही चालतं, फक्त फार चढ नको. होलोको की तिहान्य?

पाणकावळा:
होलोको! १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पालोत्स या तिथल्या हंगेरियन समाजाची पांढरी घरं, लाकडी ओसऱ्या. वरचा किल्ला म्हणे सैतानाच्या पोरांनी कावळे होऊन दगड वाहून बांधला. चढ आहे मात्र.

रेवाताई:
चढ नको म्हणतेय ना ती! तिहान्यला जा, बालातोन सरोवरात घुसलेल्या द्वीपकल्पावरचं गाव. बालातोनफ्युरेडपर्यंत रेल्वे, पुढे बस थेट गावात.

गोष्ट अशी: सोनेरी केसांच्या शेळ्या राखणारी एक राजकन्या. गळा गोड, पण कुणाशी बोलायची नाही. सरोवरराजाचा मुलगा तिच्यासाठी झुरून मेला. राजा असा खवळला की कळप लाटांनी गिळला आणि ती कड्यात कोंडली गेली. तेव्हापासून जो हाक मारेल त्याला तिनं ओ द्यायची, तोच तिथला प्रतिध्वनी. त्या शेळ्यांचे खूर अजून किनाऱ्याला लागतात.

ते खूर म्हणजे काँजेरिया शिंपल्यांचे जीवाश्म. लाखो वर्षांपूर्वी इथं पॅनोनियन तळं होतं, तिथले. पातळ भाग झिजून जातो, बिजागरीकडचा जाड तुकडा उरतो आणि हुबेहूब शेळीच्या खुरासारखा दिसतो. लेकीला आधी गोष्ट सांग, शिंपला मग दाखव. उलट केलंस तर मजा गेली. पण खिशात घालू देऊ नकोस, द्वीपकल्प १९५२ पासून संरक्षित आहे.

भटकभवानी:
प्रतिध्वनी खरंच येतो का गं?

रेवाताई:
पूर्वी फार ख्याती होती. आता मध्ये झाडं-घरं उभी राहिलीत, राजकन्या क्वचितच ओ देते. त्या आशेवर जाऊ नका. सासूबाईंना मठात ने. १०५५ मध्ये पहिल्या आंद्राश राजानं तो स्थापला, तळघरात त्याची समाधी आहे. स्थापनेच्या लॅटिन सनदेत मध्येच हंगेरियन शब्द आलेत, त्या भाषेच्या सर्वांत जुन्या लेखी खुणांपैकी. मूळ सनद मात्र पानोनहाल्माच्या मठात ठेवलीय, तिहान्यला शोधू नका. १९२१ मध्ये हंगेरीची गादी परत मिळवायला आलेल्या चौथ्या कार्ल राजाला तिहान्यच्याच मठात कैदेत ठेवलं होतं.

पाणकावळा:
बरं बाई, हरलो. फ्युरेडला उतरताय तर तळ्याकाठी टागोरांच्या नावाचा रस्ता आहे, तेवढा बघा. १९२६ मध्ये हृदयाच्या उपचारांसाठी ते तिथं होते, तेव्हा झाडही लावलं.

भटकभवानी:
अरे वा, सासूबाई शांतिनिकेतनवेड्या आहेत! तिहान्य पक्कं. जेवायला शाकाहारी काय मिळेल?

रेवाताई:
लांगोश. तळलेली जाड पोळी, वर लसूण आणि चीज. तिघींत दोन पुरतील.