गोव्यात सहा जणांचं कुटुंब: दोन साध्या खोल्या, स्वीट की व्हिला?

कुळागर

दिवाळी सरली की गोव्याकडे निघणाऱ्या कुटुंबांचा एक प्रश्न ठरलेला असतो: खोली कुठल्या प्रकारची घ्यायची? चर्चा भरकटू नये म्हणून एक कुटुंब समोर ठेवू. आजी-आजोबा, नवरा-बायको, तेरा वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा. चार रात्री, नोव्हेंबरचा मध्य, समुद्राजवळचं एखादं रिसॉर्ट.

माझं मत: सगळ्यांत खालच्या श्रेणीतल्या दोन खोल्या, तळमजल्यावर, मधल्या दाराने जोडलेल्या. एकीत सहा फुटी डबल बेड, दुसरीत दोन सिंगल. स्वीट नको, सी-व्ह्यू नको, व्हिला तर नकोच.

पहिलं कारण बाथरूम. नाश्त्याचा ब्युफे दहा-साडेदहाला उचलतात आणि त्याआधी सहा माणसांना आवरायचं असतं. स्वीटला पैसे दुप्पट मोजले तरी शॉवर बहुधा एकच. दुसरं जे असतं ते बैठकीलगतचं नुसतं टॉयलेट.

दुसरं, श्रेणींचा खेळ. बेसिक, डिलक्स, प्रीमियम अशा पाट्या असल्या तरी गादी तीच, एसी तोच. फरक असतो तो मजल्याचा, दिशेचा आणि जेवणघरापासून इमारत किती लांब याचा. क्षेत्रफळ मात्र बुकिंगआधी बघाच. २५० चौरस फुटांत जादा बेड उघडला की बॅग उघडायला जागा उरत नाही. ३०० च्या आसपास असेल तर निभतं.

तिसरं, जिने. भरतीरेषेपासून २०० ते ५०० मीटरच्या ग्रामीण पट्ट्यात सीआरझी म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांनी वर्षानुवर्षं तळमजला अधिक एक मजला, ९ मीटर उंची एवढंच बांधू दिलं. म्हणून इथली किनाऱ्यालगतची रिसॉर्ट उंच नाहीत, ऐसपैस पसरलेली आहेत, आणि एका मजल्यासाठी लिफ्ट क्वचितच बसवतात. ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणजे आजोबांच्या गुडघ्यांना रोज चार खेपा जिना.

करही धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. त्यावर गेलं की पूर्ण रकमेवर १८. ७,००० च्या दोन खोल्या करासह १४,७०० ला पडतात, १३,००० चा स्वीट १५,३४० ला. वेबसाइटवर स्वीट स्वस्त दिसतो, बिलात महाग निघतो.

हिशेबनीस

दोन खोल्यांना माझा पाठिंबा आहे, पण हे गणित अर्धंच झालं. मुलगी तेराची आहे. बहुतेक हॉटेलं बारा पूर्ण झाले की मोठ्यांत धरतात आणि जादा बेड लावतात. त्याचे पैसे खोलीच्याच किमतीत मोजले जातात. ६,८०० ची खोली आणि १,२०० चा बेड म्हणजे ८,०००. लागले १८ टक्के, एकूण ९,४४०. तीच खोली ६,२०० ला मिळाली तर ७,४०० वर ५ टक्के, एकूण ७,७७०. दरात सहाशेचा फरक, बिलात सोळाशे सत्तरचा. नाश्ता दरातच धरलेला सीपी प्लॅन असेल तर सहसा तोही याच रकमेत येतो.

मर्यादा प्रत्येक खोलीला आणि प्रत्येक रात्रीला वेगळी लागते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. शुक्रवार-शनिवारी दर चढतात. रविवारी येऊन गुरुवारी निघालात तर चारही रात्री ५ टक्क्यांत बसायची शक्यता जास्त.

अजून एक. हॉटेलच्या कुठल्याही खोलीचा दर मागच्या आर्थिक वर्षात एकदा जरी ७,५०० च्या वर गेला असेल, तर तिथल्या रेस्टॉरंटच्या बिलावर १८ टक्के लागतात. नाताळच्या आठवड्यात गोव्यात कोणाचा दर जात नाही? त्यामुळे रिसॉर्टात १८, फाटकाबाहेरच्या साध्या हॉटेलात ५. एमएपी, म्हणजे नाश्ता आणि एक जेवण दरात धरलेला प्लॅन, घ्यायचा की फक्त नाश्ता, हे यावरही ठरवा.

आंबोळी

व्हिला ‘तर नकोच’ का? चार वर्षांच्या मुलाला संध्याकाळी साडेसहाला वरणभात लागतो आणि रिसॉर्टचं जेवणघर साडेसातला उघडतं. रूम सर्व्हिसचा डाळ-भात यायला पाऊण तास, आणि येतो तो तिखट. स्वयंपाकघर असलेल्या तीन बेडरूमच्या घरात कुकर लावला की प्रश्न मिटला. आजीचा उपवास, आजोबांचं पथ्य, सगळं त्यातच निघतं. सकाळी पोदेर, म्हणजे गावचा पाववाला, दारात गरम पोई (गोव्याचा पाव) देतो, मासळी म्हापशाच्या नाहीतर मडगावच्या बाजारातून आणायची. सहाही जण एका छताखाली. जोडखोल्यांत जो तो आपल्या खोलीत टीव्ही लावून बसतो.

कुळागर

@आंबोळी, मग कुकर लावणार कोण? घरी जी लावते तीच. सुट्टी तिलाही असते.

आणि व्हिलाच्या वर्णनात येत नाही ते सांगतो. आसगाव, शिवोली, साळगाव इथली घरं छान असली तरी समुद्र पायी नाही. रोज टॅक्सी, ओला-उबर गोव्यात चालत नाही, गोवामाइल्सचं ॲप आहे पण आतल्या गावात गाडी मिळेपर्यंत वाट बघावी लागते. बाथरूममध्ये बहुधा १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गीझर; गार पाणी ३० अंशांनी तापवायला त्याला पाव तास लागतो, म्हणजे एकापाठोपाठ तिघं गेली तर तिसऱ्याला कोमट. वीज गेली की इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात, एसी नाही. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पोहण्याच्या खासगी तलावावर जीवरक्षक नसतो, आणि दिवाणखान्याचं सरकतं दार थेट तलावाच्या काठावर उघडतं. घरात चार वर्षांचं मूल असताना हे मला पटत नाही.

आंबोळी

गीझरचं मान्य. बाकीचं विचारून घेता येतं: जनरेटर आहे का, तलावाला कुंपण किंवा जाळी आहे का, सरकत्या दाराला मुलाचा हात पोहोचणार नाही अशी वरची कडी आहे का, स्वयंपाकाच्या मावशींचे रोजचे किती. पर्यटन खात्याकडची नोंदणी आहे का तेही विचारा; १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली ती लागते. क्रमांक द्यायला टाळाटाळ केली तर घर सोडून द्या. व्हिला वाईट नसतो, न विचारता घेतलेला वाईट असतो.

चावीवाला

रिसेप्शनच्या पलीकडच्या बाजूने लिहितो. जोडखोल्यांचा सल्ला चांगला आहे, पण निम्मे लोक तिथेच फसतात.

बुकिंगच्या वेबसाइटवर ‘विशेष विनंती’च्या चौकटीत लिहिलं म्हणजे जोडखोली मिळाली असं नाही. ती विनंती फक्त ‘उपलब्धतेनुसार’ म्हणून आमच्याकडे येते. शंभर खोल्यांच्या रिसॉर्टात मधलं दार असलेल्या जोड्या मोजक्याच असतात, आणि कुठली खोली कोणाला हे साधारण आदल्या रात्री ठरतं. आदल्या पाहुण्याने त्या जोडीतली एक खोली एक रात्र वाढवली की जोडी मोडली.

काय करायचं: आधी रिझर्व्हेशनला फोन करून विचारा की कुठल्या श्रेणीत जोड्या आहेत. एक बेसिक आणि एक डिलक्स घेतलीत आणि त्या दोन वेगळ्या इमारतींत असल्या तर कोणीही काही करू शकत नाही. मग दोन्ही खोल्या एकाच नावाने, एकाच बुकिंगमध्ये घ्या. एक वडिलांच्या नावाने आणि एक मुलाच्या नावाने केली तर आमच्या यंत्रणेत ती दोन अनोळखी कुटुंबं असतात. त्यानंतर ईमेलवर लेखी उत्तर मागा, त्यात ‘मधलं दार असलेली जोडी, तळमजला, एक डबल आणि एक ट्विन’ हे शब्द हवेत (ट्विन म्हणजे दोन सिंगल बेडची). ‘शेजारच्या खोल्या’ लिहिलं तर शेजारच्याच मिळतील, मधे भिंत. येण्याच्या तीन दिवस आधी पुन्हा एक फोन, आणि खोलीत शिरताच मधलं दार उघडून घ्या. ते दोन पल्ल्यांचं असतं, प्रत्येक खोलीचा एक, आणि आमच्या बाजूनेही कुलूप असतं. रात्री अकराला ‘दार उघडत नाही’ म्हणून फोन आला तर किल्ली असलेला सुपरवायझर घरी गेलेला असतो.

मुलांची वयं बुकिंगच्या वेळी खरी भरा आणि आधार कार्ड आणा. चार वर्षांच्या मुलाचे सहसा पैसे नसतात, पण नाव यादीत नसेल तर काउंटरवर वाद होतो. आणि ‘२+१’ लिहिलेल्या खोलीत चौथं माणूस घेत नाहीत. तिथे मॅनेजरशी हुज्जत घालून उपयोग नाही.

रविवारदुपार

जोडखोल्यांचा एक धोका कोणी लिहिला नाही. मुख्य दारं दोन. आई-बाबांच्या खोलीला कडी लावलेली असते, आणि मूल मधल्या दारातून आजीकडे जाऊन तिकडून व्हरांड्यात. तळमजला म्हणजे बाहेर थेट हिरवळ, पुढे तलाव. स्वीटला मुख्य दार एकच असतं, त्याची वरची साखळी लावली की निश्चिंत.

शिवाय मूल साडेआठला झोपतं. बैठक वेगळी असेल तर मोठ्यांना दिवा लावून बसता येतं.

कुळागर

@रविवारदुपार, कडी दोन्ही खोल्यांना लावायची, एवढंच. आणि मूल झोपल्यावर बसायला आजी-आजोबांची खोली आहेच. मधलं दार बोटभर उघडं ठेवलं की हाक ऐकू येते. त्या दाराला बऱ्याचदा ते आपोआप बंद करणारी दाबाची बिजागरी असते, म्हणून खाली टॉवेलची गुंडाळी घालायची, नाहीतर लहान बोटं सापडतात.

स्वीट घेणारच असाल तर आधी विचारा की झोपायच्या खोलीला दार आहे की नुसता पडदा. बऱ्याच ठिकाणी अर्धी भिंत आणि वर टीव्ही असतो, त्यालाच स्वीट म्हणतात. सोफा-कम-बेडची गादी तीन-चार इंचांची, मधला लोखंडी दांडा थेट पाठीला लागतो. तेरा वर्षांची मुलगी एक रात्र काढेल, आजोबांना तिथे झोपवू नका.

माडाखाली

सी-व्ह्यू आणि पहिला मजला यांची बाजू घेणारं कोणीच दिसत नाही, म्हणून मी.

तळमजल्याचे गुण सांगितलेत, आता दोष ऐका. पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर बंद राहिलेल्या खोलीच्या कपाटातून आणि एसीतून कुबट वास नोव्हेंबरपर्यंत येतो, आणि तो तळमजल्यावर जास्त. डास, मुंग्या, व्हरांड्यात वाळू, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण खिडकीतून डोकावतो, म्हणून दिवसभर पडदे ओढलेले. अशा अंधाऱ्या खोलीत आजीने करायचं काय? जिला वाळूत चालवत नाही तिला बाल्कनीतला समुद्र हाच समुद्र. तरुणांनी हवं तर बाग बघावी, ते दिवसभर बाहेरच असतात.

मात्र पैसे मोजण्याआधी शब्द बघा. ‘सी-फेसिंग’ म्हणजे समोर समुद्र. ‘पार्शल सी-व्ह्यू’ म्हणजे कठड्यावरून वाकल्यावर दोन माडांच्या मधे निळी रेघ. सीआरझीमुळे सोडलेल्या २०० मीटरच्या अंतरात बहुतेक ठिकाणी मधे झाडी असतेच. आणि आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. दुपारी अडीचपासून मावळेपर्यंत ऊन सरळ काचेवर येतं. जाड पडदे ओढून एसी दोनलाच लावून ठेवला नाही तर चारला खोली तापलेली असते.

कुळागर

मग सी-व्ह्यूचे पैसे देऊन दुपारभर पडदे ओढायचे, आणि नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडाला की समोर काळोख. राहिला किती वेळ, तासभर? त्या तासाला आजीसाठी रिसॉर्टच्या बागेत किनाऱ्याकडच्या बाकापर्यंत बग्गी मागवा, ती फुकट असते.

माडाखाली

सकाळचा चहाही धरा. सकाळी पश्चिमेच्या बाल्कनीत ऊन नसतं, म्हाताऱ्या माणसांना झोप कमी, सहाला ती उठून बसलेली असतात. तुम्ही सगळा हिशेब आवरण्याच्या घाईचा मांडलात. त्यांना घाई नसते.

एक मधला मार्ग: आजी-आजोबांना लिफ्ट असलेल्या ठिकाणी वरची समुद्राकडची खोली, बाकीच्यांना बागेकडची. मधल्या दाराचा आग्रह सोडला की हे जमतं. तेरा वर्षांची मुलगी आजीजवळ झोपली की रात्री काही लागलं तर फोन करायला तीच पुरते.

चावीवाला

@माडाखाली, हे चालतं. फक्त जादा बेड खिडकीच्या बाजूला लावून घ्या, बाथरूमच्या वाटेवर नाही. रात्री उठलेली म्हातारी माणसं त्याच्याच चाकाला अडखळतात. आणि बाथरूममध्ये बाथटब आहे की शॉवर ते विचारा. टबाची कड दीड-दोन फूट उंच असते. तो ओलांडून अंघोळ करणं सत्तरीत जोखमीचं. आधाराचा दांडा नसेल तर निदान प्लॅस्टिकचं स्टूल आणि रबरी चटई मागा, मिळते.

दोन_पायऱ्या

जागा न ठरवता खोली ठरवताय सगळे. वागातोर, दोना पावला इकडे उतार आहेत. ‘तळमजला’ असला तरी रस्त्यापासून पन्नास पायऱ्या खाली असू शकतो. दक्षिण गोव्यात माजोर्डा ते मोबोर सपाट. मोपा विमानतळावरून मात्र मोबोर ऐंशी किलोमीटरच्या आसपास, दोन तास धरा, दाबोळीवरून तासभर.

रविवारदुपार

आणि तलावालगतची खोली? डेकवरून थेट पाण्यात उतरायची पायरी असते ती.

कुळागर

यावर तरी सगळ्यांचं एकमत होईल: चार वर्षांचं मूल असेल तर नाही.

हिशेबनीस

पूल-व्ह्यूलाही नाही. दिवसभर तिथे गाणी, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिरवळीवर लग्नं. उघड्यावरचे स्पीकर रात्री दहाला बंद व्हायला हवेत असा नियम आहे, पण मंडप आवरणं, खुर्च्या ओढणं बारापर्यंत चालतं. बुकिंग करताना सरळ विचारा: ‘त्या तारखांना लग्न आहे का, आणि हिरवळ कुठल्या इमारतीसमोर?’ लग्नाची वऱ्हाडं जोडखोल्या आधीच उचलतात, हेही त्याच फोनवर कळतं.

दोन_पायऱ्या

चेक-इन दुपारी दोनचं असतं. कोकणकन्येने येणारे सकाळीच मडगावला उतरतात. सहाही जणांना तोवर रिसेप्शनमध्ये बसवू नका. दोनपैकी एक खोली आधी द्या म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवा. दोन्ही खोल्या सकाळी मिळणं कठीण, एक बऱ्याचदा मिळते. ट्विन मागा, आजी-आजोबा आडवे होतील.